गुडघे वाकले तरी चालतील, एवढं म्हणा: नाशिकच्या योगशिक्षकांना खुलं पत्र

आदरणीय सर, मॅडम, ताई, दादा,

नमस्कार.

रथसप्तमी तोंडावर आली आहे. शाळांच्या मैदानांवर, सोसायट्यांच्या गच्च्यांवर, जॉगिंग ट्रॅकशेजारच्या हिरवळीवर सामूहिक सूर्यनमस्कारांच्या तालमी सुरू झाल्या असतील. कुठे १२, कुठे ५१, आणि मंडळ उत्साही असेल तर थेट १०८. हा दिवस झाला की पुढच्या आठवड्यात माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्यांची भर पडते. नंतर तक्रार करण्यापेक्षा आधी विनंती केलेली बरी, म्हणून हे पत्र. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकरोडला क्लिनिक चालवते आणि सकाळचा योगवर्ग सहसा चुकवत नाही.

योगामुळे पाठी बिघडतात असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पत्र इथेच मिटायचे. जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी कोणते उपाय करून पाहावेत याची जी यादी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली दिली, तिच्यात योग आहे. ‘आता माझ्याकडे येणं पुरे, वर्गाला जा,’ असं मी कितीतरी रुग्णांना सांगते. आणि नाशिकमध्ये वर्गांना तोटा नाही. योग विद्या धामसारखी संस्था इथे १९७८ पासून काम करते आहे. दंडस्थिती (सरळ उभं राहणं), विपरीत शयनस्थिती (पालथं पडणं) हे शब्द आपल्याकडे भाजी घ्यायला निघालेल्या आजींनाही कळतात. अडचण अशी की मी पाठवलेल्यांपैकी काही जण परत येतात, आणि काय करताना दुखलं असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: पुढे वाकताना.

तेव्हा मागणी सरळ आहे. पादहस्तासनात (उभ्याने वाकून हात पायांशी) आणि पश्चिमोत्तानासनात (पाय लांब करून बसून पुढे वाकणं) ‘गुडघे सरळ, गुडघे सरळ’ हा घोष थांबवा. गुडघे वाकले तरी चालतील, असं माइकवरून, मोठ्याने, रोज म्हणा. आणि कुणाच्याही पाठीवर हात ठेवून त्याला खाली दाबू नका. यापुढे जे लिहिते आहे ते बरंचसं या दोन गोष्टींसाठीच आहे.

माणूस पुढे वाकतो तेव्हा ते वाकणं खुबा आणि कंबर वाटून घेतात. खुबा हा उखळीचा सांधा, जाडजूड हाडांचा, दणकट स्नायूंनी वेढलेला. वाकणं हे त्याचं रोजचं काम. कमरेत पाच मणके आणि त्यांच्यामधल्या चकत्या. त्यांनाही वाकता येतं, पण बेताचं. आता मांडीमागचे स्नायू पाहा. ते बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघा ओलांडून खालच्या हाडांना चिकटतात. गुडघा सरळ ठेवून वाकलं की हे स्नायू ताणले जातात, बैठकीचं हाड मागून धरून ठेवतात आणि पेल्विस, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, पुढे कलायचं थांबतं. खुब्याचं काम तिथे संपलं. पण शिक्षक म्हणताहेत बोटं पायाला लावा, शेजारच्या काकू तर तळवे टेकवून मोकळ्या झाल्या आहेत. मग उरलेलं अंतर कुठून येणार? कमरेतून. म्हणजे ज्याचे स्नायू जास्त आखडलेले, त्याचीच कंबर जास्त वाकते, आणि ज्याला सांभाळायची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच चकत्यांवर सगळ्यात जास्त भार येतो. गुडघे थोडे वाकवले की तेच स्नायू सैल पडतात, पेल्विस पुन्हा पुढे कलतं आणि कंबर सुटते. यात कमीपणा कसला, हे मला आजवर कळलेलं नाही.

भार म्हणजे किती, याचा ढोबळ हिशेब वहीच्या कोपऱ्यात करता येतो. ७० किलोचा माणूस धरा. कमरेच्या वरचं शरीर साधारण निम्मं, म्हणजे ३५ किलो. पाठ जमिनीला समांतर आली की या वजनाचा मध्य कमरेच्या खालच्या मणक्यापासून अंदाजे २५ सेंटिमीटर पुढे जातो. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. ३५ गुणिले २५ भागिले ५. स्नायूंना १७५ किलोचा जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर चकतीला दाबतो. हात कानाला लावून वाकलं की वजनाचा मध्य आणखी पुढे सरकतो आणि आकडा वाढतो. सूर्यनमस्कारात बहुतेक जण नेमके तसेच वाकतात, एका नमस्कारात दोनदा. १०८ नमस्कारांत २१६ वेळा.

पूर्ण वाकल्यावर जे होतं ते याहून मजेशीर आहे. १९५० च्या दशकात फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी पाठीच्या स्नायूंची विद्युत हालचाल मोजून पाहिली. माणूस पूर्ण खाली लोंबला की हे स्नायू चक्क गप्प होतात. मग भार कोण पेलतं? मणक्यांना बांधणारे अस्थिबंध आणि चकत्या. साधकाला मात्र वाटतं, वा, पाठ काय सुटली! आणि नेमक्या त्याच क्षणी आपण म्हणतो, ‘अजून थोडं खाली.’

मग काय, पाठ कधी वाकवूच नये? तसं माझं म्हणणं नाही. मार्जारासनात पाठ गोल होते, पवनमुक्तासनात होते, आणि त्याने सहसा कुणाचं काही बिघडत नाही, कारण तिथे वरच्या अंगाचं वजन लोंबत नसतं. पाठीला वाकण्याचं वावडं नाही. वाकण्याची शेवटची हद्द, तिथे वरून भार, त्यात झटका, आणि तेच पुन्हा पुन्हा, असं सगळं एकत्र आलं की ती कुरकुरायला लागते.

त्यात आपण निवडलेली वेळ. याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. रात्री आपण आडवे असतो तेव्हा चकत्या पाणी शोषून फुगतात, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या. त्यामुळे सकाळी उठतो तेव्हा आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त असते, आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच त्यातली जवळजवळ निम्मी उतरते. चकत्या अशा टम्म असताना पुढे वाकलं तर त्यांच्यावर येणारा ताण दिवसाच्या उत्तरार्धापेक्षा कितीतरी जास्त असतो, हे ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७ साली दाखवलं. १९९८ साली अमेरिकेत स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी उठल्याउठल्या कमरेतून वाकणं टाळायला शिकवलं, आणि तेवढ्यानेही त्यांचं दुखणं कमी झालं.

आता आपला वर्ग बघा. वेळ साडेपाचची. माणूस पाचला उठतो, तोंडावर पाणी मारतो, कानटोपी चढवतो आणि ॲक्टिव्हावर बसून गार वारा खात येतो. निफाडचा पारा पेपरात छापून येण्याचे हे दिवस, थंडीचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. अंग आखडलेलं, चकत्या फुगलेल्या, आणि प्रार्थना संपली रे संपली की पहिलं काय? सूर्यनमस्कार. का, तर अंग तापावं म्हणून. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी पंधरा-वीस मिनिटं उभं राहून काम करू द्या: जागच्या जागी चालणं, घोटे, खुबे, खांदे, ताडासन, वीरभद्रासन. मग नमस्कार. माझं ऐकाल तर थंडीच्या दिवसांत नमस्कार तासाच्या शेवटी, शवासनाच्या आधी ठेवा. परंपरेत ते आधी येतात, मान्य. पण परंपरेतल्या माणसाला उठून तोवर बराच वेळ झालेला असायचा. पाणी शेंदून झालेलं असायचं, गोठा झाडून झालेला असायचा.

खुब्यातून वाकणं म्हणजे काय, हे नुसतं बोलून कळत नाही. अंगाला कळावं लागतं. त्यासाठी एक काठी पुरते, कपडे वाळत घालायची असो की लांब झाडूची. साधकाला पायांत खांद्याएवढं अंतर ठेवून उभं करा. काठी पाठीला उभी लावा. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध आणि माकडहाडावर. एका हाताने ती मानेमागे धरायची, दुसऱ्या हाताने कमरेमागे. कमरेच्या खळगीत काठी आणि पाठ यांच्यामध्ये तळहात सरकेल एवढी फट असते. ती फट तशीच ठेवायची. आता गुडघे किंचित सैल सोडून बूड मागे न्यायचं, मागच्या भिंतीला टेकवायचं आहे असं समजून. छाती आपोआप पुढे झुकते. फट बुजली किंवा तीनपैकी एक टेकू सुटला की थांबायचं. बहुतेकांची माकडहाडावरची काठी अर्ध्या वाटेतच सुटते आणि चेहरा बघण्यासारखा होतो. ‘मॅडम, मी तर अजून वाकलेच नाही!’ वाकलात, पण कमरेतून. पुन्हा उभं राहायचं, गुडघे आणखी थोडे वाकवायचे, पुन्हा बूड मागे. असं चार-पाच वेळा झालं की जांघेतली घडी जाणवायला लागते. त्या घडीत हाताच्या कडा रोवून वाकायला सांगितलं तर काठीचीही गरज उरत नाही.

एकदा हे अंगात मुरलं की पाण्याची बादली उचलताना, सिलिंडर सरकवताना, नातवाला पाळण्यातून काढताना माणूस तसाच वाकतो. वर्गात तासभर जे मिळतं त्यापेक्षा पाठीला याचा उपयोग जास्त, असं माझं मत आहे.

बसून वाकण्यासाठी काठीऐवजी घोंगडी. बैठकस्थितीत पाय लांब केलेल्या साधकाच्या कमरेवरून एकदा हात फिरवून बघा (विचारून, अर्थात). मणके कण्याच्या रेषेत बाहेर आलेले, टोचणारे लागले, तर त्याचं पेल्विस मागे कललेलं आहे, म्हणजे वाकायच्या आधीच त्याची कंबर वाकलेली आहे. स्वीडनच्या नाकेमसन यांनी माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभं असतानाचा दाब १०० धरला तर पुढे झुकून बसल्यावर तो १८५ भरला. पुढच्या काळातल्या मोजण्यांत नुसत्या बसण्याचा आकडा खाली आला. पुढे वाकण्याचा मात्र वरच राहिला. अशा साधकाच्या बुडाखाली घोंगडीची चार बोटं जाड घडी द्या, गुडघ्यांखाली दुसरी. मणके आत जातात, पाठ उंच होते, चेहरा सैल पडतो. कपाळ गुडघ्याला लागलं नाही तर नाही लागलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, विटा, घोंगड्या, खुर्च्या, भिंत सगळं वापरलं आणि जगभर शिकवलं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं तेच मुळी आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून तपासायला. मोजून बघायचं आणि आधार घ्यायचा, हे आपल्याच मातीतलं आहे. तरी घोंगडी मागणाऱ्या साधकाकडे वर्गात अजून ‘यांचं अजून कच्चं आहे’ अशा नजरेने बघितलं जातं.

दाबण्याबद्दल. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं सांगते. कारखान्यात उभ्याउभ्या नोकरी झालेली, निवृत्तीनंतर वर्ग सुरू केला. पश्चिमोत्तानासनात कपाळ आणि गुडघे यांच्यात हातभर अंतर. शिक्षक मागून आले, अगदी आपुलकीने, दोन्ही तळहात पाठीवर ठेवले आणि श्वास सोडताना दाबलं. डावीकडे कमरेतून पोटरीपर्यंत कळ गेली. गृहस्थ संकोची; काही बोलले नाहीत, शवासनात पडून राहिले, घरी जाऊन बायकोला म्हणाले, चमक भरली असेल. एमआरआयमध्ये एल ५-एस १ ची, म्हणजे कमरेच्या अगदी तळाची चकती सरकलेली निघाली. ती त्या दाबानेच सरकली की आधीपासून सरकत होती आणि दाबाने नस धरली, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, मीही नाही. पण स्नायू जिथे अडतो तिथे तो काहीतरी सांभाळत असतो, आणि बाहेरून दाबणाऱ्याच्या तळहाताला ते काय आहे हे कळायला मार्ग नसतो. गृहस्थ बरे झाले, शस्त्रक्रिया लागली नाही, आता फिरायला जातात. वर्गाला मात्र परत गेले नाहीत, आणि मला वाईट त्याचं वाटतं.

यापुढचं मुख्यतः बायकांबद्दल, कारण सकाळच्या बहुतेक वर्गांत पन्नाशी-साठीतल्या बायकाच जास्त दिसतात. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. दुखत नाही, खुपत नाही, साध्या एक्स-रेतही उशिरा दिसतं. डेक्सा नावाची, हाडांची घनता मोजणारी तपासणी केली तरच नेमकं कळतं. अशा मणक्याची पुढची बाजू पुढे वाकल्यावर चेपली जाते. मेयो क्लिनिकच्या डॉ. सिनाकी यांनी १९८४ साली ५९ बायकांचा एक अभ्यास छापला. सगळ्यांचे मणके आधीच ठिसूळ झालेले. ज्यांना मागे वाकायचे व्यायाम दिले त्यांच्यापैकी १६ टक्के जणींचे मणके पुढे दबले किंवा मोडले. ज्यांना पुढे वाकायचे व्यायाम दिले त्यांच्यात हे प्रमाण ८९ टक्के निघालं. अभ्यास लहान होता हे खरं. पण फरक लहान नाही. पुढे त्याच डॉक्टरांनी योगातल्या पुढे वाकायच्या स्थितींनंतर मणका दबलेल्या रुग्णांच्या नोंदीही प्रसिद्ध केल्या.

आता हलासनात पाय डोक्यामागे टेकवायला धडपडणाऱ्या बासष्ट वर्षांच्या काकू डोळ्यांसमोर आणा. त्यांना कुणी विचारलं आहे का, मनगट कधी साध्या पडण्याने मोडलं होतं का, उंची कमी झाली आहे का? उंचीचं बायकांना विचारायची एक सोपी रीत आहे: साडीच्या निऱ्या पूर्वीएवढ्याच खोचून हल्ली जमिनीवर लोळतात का? असं असेल तर त्यांना हलासन, पश्चिमोत्तानासन, जोर लावून घातलेले पीळ नकोत. उभ्या स्थिती द्या, शलभासन द्या, बेताचं भुजंगासन, सेतुबंधासन द्या. यांत त्यांची पाठ बळकट होते. ज्येष्ठ साधक ‘मला सगळं येतं’ म्हणून हौसेने करून दाखवतात तेव्हा टाळ्या आवरत्या घ्या.

मुलांचं उलट आहे. योगासनांना केंद्र सरकारने २०२० साली स्पर्धेचा खेळ म्हणून मान्यता दिली आणि आपल्याकडची पोरं पदकांसाठी पाठ मागे घडी घालताना दिसू लागली. वाढत्या वयात पुन्हा पुन्हा टोकाचं मागे वाकलं की कमरेच्या खालच्या मणक्याला मागच्या बाजूने बारीक तडा जाऊ शकतो. जिम्नॅस्ट मुलांमध्ये हे अनेकदा पाहिलं गेलं आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलाने मागे वाकताना कंबर दुखते म्हटलं तर ‘सवय होईल’ म्हणू नका, तपासायला पाठवा.

पुढे वाकण्याबद्दल एवढं लिहिलं, त्यावरून कुणी असा अर्थ काढेल की कंबर दुखली की भुजंगासन द्यावं आणि मोकळं व्हावं. तसंही चालत नाही. चकतीने नस धरलेल्या पस्तिशीतल्या माणसाला पालथं पडून मागे उठल्यावर पायातली कळ वर सरकल्यासारखी वाटते, बरं वाटतं. पण सत्तरीतल्या माणसात मणक्यातली वाट अरुंद झालेली असेल, तर मागे वाकल्यावर पाय जड होतात, मुंग्या येतात, आणि किंचित पुढे झुकून बसलं की त्याला हायसं वाटतं. दिवसभराचं कामही बघायला हवं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत विरळणी, खुडणी करणारी बाई दिवसभर मांडवाखाली हात आणि मान वर करून उभी असते. तिला सकाळी उष्ट्रासनात आणखी मान मागे टाकायला लावण्यात काय हशील? आणि सातपूर-अंबडला दिवसभर संगणकापुढे पोक काढून बसणाऱ्याला पुढे वाकण्याची मुळीच टंचाई नाही. एकच माइक दोघांना एकच सूचना देतो, तेव्हा कुणाचं तरी चुकणारच.

म्हणून नवीन साधक आला की फी घ्यायच्या आधी जरा बोला. कंबरदुखी आहे का आणि ती पायात उतरते का. दिवसभर काम काय करता. हाड कधी साध्या पडण्याने मोडलं का. मोठा फॉर्म नको, वहीत नावापुढे दोन शब्द लिहिले तरी चालतील. २१ जूनला, योग दिनी, आपण जो सामायिक योग प्रोटोकॉल (सरकारने ठरवलेला आसनांचा क्रम) करतो, त्यातही पादहस्तासनाखाली हृदयाचा किंवा पाठीचा विकार असणाऱ्यांनी ते टाळावं असं छापलेलं आहे. मैदानावर ती ओळ कधी ऐकू आली असेल तर सांगा.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून थांबू नका. कुणी साधक सांगू लागला की कंबरदुखीबरोबर लघवी होत नाही किंवा आवरत नाही, बसायच्या जागी बधिरपणा आलाय, पाऊल उचलत नाही, तर त्याला आसन सांगू नका, माझ्याकडेही पाठवू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलला पाठवा. मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो आणि तिथे उशीर परवडत नाही.

रथसप्तमीला १०८ नमस्कार घालू नका, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही. जे वर्षभर घालतात त्यांना घालू द्या. पण जे त्या दिवशीच पहिल्यांदा येतात, म्हणजे सोसायटीतले काका, शाळेत मुलांबरोबर उभे राहिलेले पालक, फोटोपुरते आलेले पाहुणे, त्यांना १२ पुरेत, आणि तेही सावकाश. खाली जाताना हात कानाला लावण्याऐवजी बाजूने खाली आणू द्या, गुडघे वाकवू द्या, आणि उठताना तळवे मांडीवर टेकून उठू द्या. आकड्यांचा घोष इतका भरभर करू नका की माणूस श्वासाऐवजी तुमच्या मागे धावेल. ज्यांना खाली वाकायचंच नाही त्यांच्यासाठी एका बाजूला खुर्च्या मांडा. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, पाठ लांब ठेवून नमस्कार होतो. उन्हाकडे तोंड असलं म्हणजे झालं. कोपऱ्यात, मांडवाच्या खांबाआड नको, पहिल्या रांगेत मांडा. कंबर दुखणारी माणसं लाजून नेहमी मागे बसतात, आणि मागे काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. आणि शेवटी प्रमाणपत्रं वाटणार असाल, तर खुर्चीवाल्यांनाही तेच प्रमाणपत्र द्या.

आपली,
नाशिकरोडची एक फिजिओथेरपिस्ट